बुचातली सुई आणि मीरा रोडचा मे महिना

या शनिवारी विषय जरा चैनीचा घेतलाय. ज्यांना वाईनशी देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. भांडण वाईनशी नाहीच, 'रिलायबल' या शब्दाशी आहे. हा शब्द आपण ऑफिसात दिवसातून पंधरा वेळा वापरतो आणि घरी आल्यावर साफ विसरतो.

झालंय असं की आमच्या मीरा रोडच्या पाच घरांच्या कंपूत एक प्रस्ताव फिरतोय. प्रत्येकाने वर्गणी काढायची आणि बूच न काढता बाटलीतून वाईन काढणारं ते प्रसिद्ध यंत्र घ्यायचं. मग एखादी भारी बाटली आणायची आणि महिन्याला एकेक घोट करत वर्षभर पुरवायची. माझं मत: घेऊ नका. यंत्र वाईट आहे म्हणून नव्हे. ज्या दाव्यासाठी आपण पैसे मोजणार आहोत, तो दावा आपल्या घरात लागू पडत नाही म्हणून.

आधी यंत्र काय आहे ते सांगतो. कोराव्हिन नावाची अमेरिकन कंपनी ते बनवते. बाटलीच्या मानेवर चिमट्यासारखं बसवायचं, दांडा खाली दाबला की एक बारीक पोकळ सुई बुचातून आरपार जाते. बाटली तिरकी करून खटका दाबायचा, छोट्या कॅप्सूलमधला आरगॉन वायू आत शिरतो, आणि त्या दाबाने वाईन सुईवाटे ग्लासात येते. जेवढी वाईन गेली तेवढी जागा आरगॉनने भरली. सुई काढली की बूच आपल्या लवचिकपणाने भोक मिटवतं. हवा आत गेलीच नाही, म्हणून उरलेली वाईन आठवडे, महिने, अगदी वर्षंसुद्धा टिकते, असं म्हणणं.

कल्पना सुंदर आहे, मान्य. ग्रेग लॅम्ब्रेक्ट हा माणूस वैद्यकीय उपकरणं बनवणारा. १९९९ साली बायको गरोदर, ती पिणार नाही, मग एकट्यासाठी अख्खी बाटली उघडायची कशी, या प्रश्नातून त्याने हे काढलं. सुयांचं ज्ञान आधीच्या कामातून आलेलं. सुरुवातीला यंत्राचं नाव होतं 'वाईन मॉस्किटो'. (खाडी आणि मिठागरांच्या मध्ये राहणाऱ्या भाईंदरकराला डासाची सुई किती रिलायबल असते ते शिकवायला नको.) २०१३ साली अमेरिकेत ते २९९ डॉलरला बाजारात आलं.

आरगॉनची निवडही बरोबर. हवेत तो जवळजवळ एक टक्का असतोच, कशाशी रासायनिक भांडण करत नाही, वाईनमध्ये चव सोडत नाही. आपल्या आज्या लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर ठेवायच्या तो याच कारणासाठी. खालच्या फोडींना हवा लागू नये. इटलीत पूर्वी वाईनवरसुद्धा तेलाचा थर घालत. फरक इतकाच की तेल तरंगतं आणि तरंगतच राहतं. वायूचं तसं नसतं. 'आरगॉन हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वाईनवर गोधडीसारखा पसरून राहतो' हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. थोडा वेळच खरं आहे ते. वायू एकमेकांत मिसळतात. तसं नसतं तर पृथ्वीवरचा सगळा आरगॉन जमिनीलगत साचला असता. तेव्हा गोधडी वगैरे काही नाही. बाटलीत ऑक्सिजन किती शिरला, एवढा एकच आकडा खरा.

मग करू या ना हिशोब. बाटली ७५० मिलिलिटरची. एक ग्लास म्हणजे १५० मिलि काढली आणि साध्या पद्धतीने बूच परत लावलं, तर आत १५० मिलि हवा आली. तिचा २१ टक्के भाग ऑक्सिजन, म्हणजे साधारण ३० मिलि, वजनात सुमारे ४० मिलिग्रॅम. उरलेल्या ६०० मिलि वाईनला तो मिळणार, म्हणजे लिटरला पासष्ट-सत्तर मिलिग्रॅम. भरपूर झाला. दोन-तीन दिवसांत चव उतरते ती यामुळे.

आता यंत्राने काढा. समजा, सुईत राहिलेली हवा, नंतरची बारीक गळती वगैरे धरून आतल्या गॅसमध्ये एक टक्का ऑक्सिजन राहिला. (हा माझा गृहीत आकडा आहे, कंपनीचा नव्हे.) पहिल्या ग्लासनंतर लिटरला जेमतेम तीन मिलिग्रॅम. वा! पण चार ग्लास काढल्यानंतर पाहा. आत गॅस ६०० मिलि, वाईन फक्त १५०. तोच एक टक्का आता आठ मिलिग्रॅम होतो आणि वाट्याला येते इवलीशी वाईन. लिटरला पन्नासच्या पुढे! म्हणजे शेवटच्या ग्लासाची अवस्था जवळपास उघड्या बाटलीसारखी. एक टक्क्याऐवजी दशांश टक्का धरला तर मात्र फक्त पाच मिलिग्रॅम, म्हणजे उत्तम. सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे. तो आकडा दर वेळी सुई खुपसताना, कॅप्सूल आवळताना, बूच किती कोरडं आहे त्यावर बदलतो. आणि घरात तो मोजायला आपल्याकडे काहीही नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ही सायलेंट फेल्युअर आहे, राव. पंखा बंद पडला की कळतं. पंप बिघडला की आठव्या मजल्यावरच्या काकू ओरडतात. इथे बिघाड झाला तर आठ महिने काहीही दिसत नाही. बाटली कपाटात रुबाबात आडवी पडलेली असते. कळतं कधी, तर पाहुणे आल्यावर, चांगले ग्लास काढल्यावर. बॅकअपबद्दल आपण ज्युनिअर पोरांना काय सांगतो? बॅकअप 'घेतला' याला अर्थ नाही, रिस्टोअर करून पाहिलास का ते सांग. वाईनचा रिस्टोअर एकदाच करता येतो, आणि तो करताना बॅकअप संपतो.

आणि जे पुरावे म्हणून आपल्यापुढे ठेवले जातात ते काय आहेत? 'माझ्याकडे सहा महिने ठेवली होती, एकदम फर्स्टक्लास होती.' अहो, कशाशी तुलना केली? त्याच पेटीतली न टोचलेली बाटली शेजारी ठेवून, डोळे झाकून, कोणती कुठली हे माहीत नसताना चाखलीत का? शिवाय दुसरा ग्लास चाखलात की पाचवा? वरच्या हिशोबात त्या दोघांत आकाशपाताळाचा फरक आहे. आमच्या धंद्यात या प्रकाराला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्याचा बग कोणी बंद करत नाही.

बुचाचं काय ते पटकन सांगतो. नैसर्गिक बूच म्हणजे हवा भरलेल्या बारीक पेशींचा ठोकळा, म्हणून तो दबतो आणि परत फुगतो. प्लास्टिकचं बूच तसं करत नाही, त्यात भोक राहतं. फार जुनं, कोरडं बूचही नीट मिटत नाही. आणि आपल्याकडच्या बाटल्यांना बूच असतं तरी किती वेळा? सुलाच्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण आहे, आणि ते योग्यच आहे. आपली नाशिकची वाईन मुख्यतः लवकर पिण्यासाठी बनते, तिला बुचाचा शौक कशाला? कंपनीने फिरकीच्या बाटल्यांसाठी वेगळं टोपण काढलं, पण त्याचा दावा तीन महिन्यांपर्यंतचाच आहे. २०२१ साली सुई नसलेलं एक स्वस्त यंत्र आणलं, त्याचा दावा चार आठवडे. कंपनी स्वतः दावा कुठे किती खाली आणते ते नीट वाचा. 'वर्षं' हा शब्द फक्त चांगलं बूच, चांगलं तळघर आणि दक्ष माणूस या तिघांसाठी आहे.

२०१४ ची गोष्टही विसरू नका. त्या वर्षी जूनमध्ये कंपनीला अमेरिकेत विक्री थांबवावी लागली, कारण वापरताना काही बाटल्या फुटल्या होत्या. नंतर त्यांनी बाटलीवर चढवायची जाड कापडी पिशवी सगळ्यांना पाठवली आणि विक्री पुन्हा सुरू केली. प्रामाणिकपणे वागले, त्यात वाद नाही. पण दोष कुठे होता ते बघा. यंत्र ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. साध्या वाईनची बाटली आतून दाब सोसायला बनवलेलीच नसते. तिला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर गॅसने ती फुटणार. सुटा भाग उत्तम, सिस्टीम नापास. रिलायबिलिटी ही अख्ख्या साखळीची असते, डब्यावर नाव छापलेल्या वस्तूची नव्हे. पाच कड्या असतील आणि प्रत्येक ९५ टक्के भरवशाची असेल, तर गुणाकार करून पाहा. सत्त्याहत्तर टक्के उरतात. चारातली एक बाटली गेली.

आणि आपल्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी म्हणजे उष्णता. मूळ मुद्दा हाच आहे.

वाईन ठेवायची आदर्श जागा म्हणजे बारा-चौदा अंशांचं, वर्षभर न बदलणारं तळघर. आमच्याकडे तळघर म्हणजे पार्किंग. मे महिन्यात मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये बंद खोली एकतीस-बत्तीस अंशांवर असते. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो. तेरापासून एकतीसपर्यंत गेलो तर वेग साडेतीन पट. म्हणजे तळघरातलं वर्ष आपल्याकडे साडेतीन महिन्यांत उरकतं, तेही बाटली न टोचता! आरगॉन ऑक्सिजनला अडवतो, उन्हाळ्याला नाही.

त्याहून वाईट म्हणजे चढउतार. रात्री बेडरूमचा एसी चोवीसवर, दिवसा आपण ऑफिसात, एसी बंद, खोली बत्तीसवर. आठ अंशांच्या फरकाने आतला गॅस रोज सुमारे पावणेतीन टक्के फुगतो आणि आकसतो. १५० मिलि गॅस असेल तर चार मिलि. भोक शंभर टक्के मिटलं असेल तर काही बिघडत नाही, दाब थोडा वरखाली होतो इतकंच. पण केसाएवढी फट राहिली असेल तर? बाटली श्वास घ्यायला लागते. दिवसा चार मिलि बाहेर, रात्री चार मिलि हवा आत. त्यात एक मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन. महिन्याभरात तीस. म्हणजे बूच उपसून एक ग्लास ओतला असता तर जेवढं नुकसान झालं असतं, त्याच्या पाऊण भाग तरी झालंच, आणि तेही हजारो रुपये मोजून.

'मग फ्रिजमध्ये ठेवू ना!' ठेवा की. पण फ्रिजमध्येच ठेवायची तर अर्धं काम फ्रिजच करतो, ज्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत.

शिवाय ती बाटली आपल्यापर्यंत येते कशी, याचा विचार केलाय? नाशिकहून इथवर साधारण दीडशे किलोमीटर. कसारा घाट उतरायचा, भिवंडीच्या बाजूने यायचं, मग घोडबंदर रोडची कोंडी, मग काशिमीरा. दुपारच्या उन्हात तापलेल्या टेम्पोच्या पत्र्याखाली एखादी पेटी दोन तास अडकली तर तिचं काय झालं ते कोण नोंदवतं? पुढे दुकान. आपल्याकडचं वाईन शॉप म्हणजे वाईन सोडून बाकी सगळं विकणारी जागा. मी एका दुकानात रेड वाईन सगळ्यात वरच्या फळीवर, दिव्याला खेटून, उभी ठेवलेली पाहिलीय. हात लावला तर काच कोमट! ही बाटली आणून तिला सुई टोचून आरगॉन देणं म्हणजे उन्हात करपलेल्या रोपाला मिनरल वॉटर घालणं झालं. दुकानदाराला दोष देत नाही मी. त्याचा खप बिअरचा आणि व्हिस्कीचा, त्याचा फ्रिज बिअरसाठी. पण वर्गणी काढायचीच असेल तर साधा थर्मामीटर घेऊन त्याच्याकडे जा, आणि वाईन खालच्या फळीवर आडवी ठेवायला सांगा. साखळीतली जी कडी तुटलीय ती आधी दुरुस्त करा.

आता कॅप्सूल. एकीतून १५ ग्लासांपर्यंत निघतात असं कंपनी सांगते. हे 'पर्यंत' लक्षात ठेवा. हात बसेपर्यंत निम्मा गॅस फुकट फुसफुसतो. कॅप्सूल बाहेरूनच येणार. 'ऑनसाईटवाला येताना आणेल' हा आपला नेहमीचा मंत्र इथे चालत नाही, कारण दाब भरलेल्या असल्या गॅसच्या कुप्या विमानात सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे एकाच पुरवठादारावर पूर्ण अवलंबून. कॅप्सूल संपल्या की कपाटात उरतो एक महागडा चिमटा.

हॉटेलवाल्यांचं गणित वेगळं आहे, हे कबूल करायला हवं. मुंबईत जिथे दहा-बारा हजारांची आयात बाटली ग्लासवर विकतात (आयातशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के होतं, त्यामुळे बाटली अख्खी मागवणारे कमी), तिथे हे यंत्र सोन्यासारखं आहे. बाटली थंड कपाटात असते, हाताळणारा माणूस रोजचा सरावाचा, आणि ती आठवड्या-पंधरवड्यात संपते. यंत्राला वर्षं टिकवायचीच नाहीयेत, दिवस टिकवायचेत. ते काम ते नक्की करतं. पण गिऱ्हाईक म्हणून आपण तिथेही एक प्रश्न विचारत नाही: ही बाटली पहिल्यांदा टोचली कधी? दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पावाच्या पुड्यावर असते, आणि दीड हजाराच्या ग्लासावर नाही. एकदा मी विचारलं तर वेटर म्हणाला, 'सर, मशीनवाली आहे.' म्हणजे? मशीनवाली म्हणजे अमर? बाटलीच्या मानेवर पेनने तारीख लिहायला किती खर्च येतो? माझ्या मते सुईच्या यंत्रातून वाईन विकणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती तारीख गिऱ्हाईकाला दाखवणं सक्तीचं हवं. सगळ्या बाबतीत परमिट मागणाऱ्या आपल्या राज्यात हे जमायला हरकत नसावी. :)

मग घरी काय करायचं? उत्तर इतकं स्वस्त आहे की त्याची जाहिरात कोणी करणार नाही. ३७५ मिलिची फिरकीच्या झाकणाची एक रिकामी बाटली स्वच्छ धुऊन, सुकवून ठेवा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, पहिला ग्लास भरायच्या आधी, ही छोटी बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये टाका. आत पाच मिलि हवा राहिली तरी ऑक्सिजन दीड मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे लिटरला चारसुद्धा नाही. ओतताना थोडा विरघळतो तो वेगळा, म्हणून वर्षभर टिकणार नाही. आठवडा-दीड आठवडा आरामात. आणि हातपंपाने हवा खेचणाऱ्या रबरी बुचांपेक्षा हे बरं, कारण तो पंप सगळी हवा कधीच काढत नाही. पाचवा हिस्सा जरी उरला तरी आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन आत आहेच.

काठोकाठ भरण्याची ही अक्कल बाहेरून आणायलाही नको. भाईंदरहून बस पकडून उत्तनला जा. तिथल्या ईस्ट इंडियन घरांमध्ये नाताळसाठी वाईन घरीच करण्याची पद्धत जुनी आहे. बाटली रिकामी ठेवून हवेला जागा द्यायची नाही, हे बरणीत काही मुरवणाऱ्या कुठल्याही घराला ठाऊक असतं, मग ती लोणच्याची बरणी असो की वाईनची. आरगॉनचं नाव न ऐकताही.

कंपूतल्या मंडळींचा शेवटचा बचाव मला माहितेय: 'अरे, पण मजा आहे ना त्यात!' मजा आहे, नाही कोण म्हणतंय? गॅजेट म्हणून घ्या, मित्रांसमोर खटका दाबून दाखवा, मी टाळ्या वाजवीन. फक्त 'वर्षभर टिकेल' हे कारण देऊन माझ्याकडे वर्गणी मागू नका.

तरीही हट्ट असेल तर ही घ्या चाचणी. बूच असलेल्या, एकाच पेटीतल्या सहा बाटल्या. यंत्र एखाद्या ओळखीच्याकडून उसनं आणू. तीन बाटल्यांमधून १ मार्चला प्रत्येकी दोन ग्लास काढायचे, तीन तशाच ठेवायच्या. सगळ्या आमच्याच हॉलमधल्या कपाटात, एसी नाही, तळघर नाही. १ जूनला सहाही बाटल्या कागदात गुंडाळून, नंबर घालून, पाच जणांनी चाखायच्या. टोचलेल्या कोणत्या ते पाचपैकी चौघांना ओळखता आलं नाही, तर माझी वर्गणी मी दुप्पट भरीन. सहा बाटल्यांचा निम्मा खर्चही माझा. कागद आणि थर्मामीटर मी घेऊन येतो.